शुक्रवारचे पहिले पाच जॉब

भोसरीत गुरुवारी सुट्टी. शुक्रवारी सकाळी सीएनसी लेथ, म्हणजे संगणकावर चालणारं कातकामाचं मशीन, सुरू केलं की पहिल्या चार-पाच जॉबचं (घडवायच्या भागांचं) बोअर, म्हणजे आतलं भोक, हमखास मापाबाहेर जातं. मशीन दिवसभर बंद राहून गार पडलेलं असतं. एक मीटर पोलाद एक अंश सेल्सिअस तापलं की साधारण १२ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) वाढतं. जॉब फिरवणारा स्पिंडल आणि हत्यार सरकवणारा बॉल स्क्रू तापेपर्यंत माप सरकतच राहतं. ऑपरेटर बोअर गेज लावून भोक मोजतो, ऑफसेट (मशीनमधला हत्याराच्या जागेचा आकडा) बदलतो, सहावा जॉब ओके. पुढच्या शुक्रवारी पुन्हा तेच.

कंपनी शिकते म्हणजे नेमकं काय करते? संस्था कशा शिकतात याचे अभ्यासक क्रिस आर्जिरिस आणि डोनाल्ड शॉन यांनी १९७८ मध्ये याचे दोन प्रकार मांडले. चूक दिसली की दुरुस्त करायची, हे एकेरी शिकणं. थर्मोस्टॅटही तेवढं करतो. ज्या नियमामुळे चूक होते त्या नियमालाच हात घालायचा, हे दुहेरी. इथे नियम होता, ‘मशीन रिकामं फिरवायचं नाही, लाइटबिल येतं.’ जॉब न लावता अर्धा तास स्पिंडल फिरवला तर पाच जॉब वाचतात, पण त्यासाठी मालकाचाच शब्द मोडायला हवा. ट्रेनिंगच्या पीपीटीत हे येत नाही, आणि शनिवारचं ट्रेनिंग ऐकतं कोण!

बरं, ऑपरेटरला हे ठाऊक नसतं का? वर्षानुवर्षं असतं. पण रिजेक्शन रजिस्टरमध्ये जॉबपुढे त्याचं नाव पडतं. मी पाहिलेल्या एका कारखान्यात शुक्रवारचे जॉब गुपचूप भंगाराच्या पेटीत तळाशी जायचे.

एमी एडमंडसन या संशोधिकेने अमेरिकेतल्या दोन रुग्णालयांच्या आठ विभागांत औषधं देताना होणाऱ्या चुकांचा अभ्यास केला. चांगल्या टीममध्ये चुका कमी सापडतील अशी अपेक्षा होती. आकडे उलटे आले. त्या टीममध्ये लोक चूक लपवत नव्हते, म्हणून ती नोंदीत येत होती. १९९६ मध्ये हे प्रसिद्ध झालं. तेव्हापासूनचं सोडा, आजही कोरं रजिस्टर दाखवून मिरवणारे मॅनेजर भेटतात.

त्या कारखान्यात पुढे रजिस्टरमधला नावाचा रकाना काढला आणि ‘मशीन किती तास बंद होतं’ हा घातला. पहिल्याच महिन्यात रिजेक्शन वाढलं. मालक वैतागले. एक जुने ऑपरेटर म्हणाले, “साहेब, आधीचं भंगारवाल्याला विचारा की.”

आता तिथे शुक्रवारी साडेसहाला लेथ रिकामंच फिरतं.