वाद्य मोडलं की सूर कुठे जातो?

तंबोरा 'लागला' असं आपण म्हणतो तेव्हा नेमकं काय झालेलं असतं? तारा त्याच, भोपळा तोच, खुंट्याही त्याच. तरी एका क्षणी गाणाऱ्याची मान हलते आणि वाजवणारा खुंटीवरचा हात काढतो. या लागलेपणाला वजन नाही, रंग नाही, पण ते आहे याबद्दल तिथे कुणालाच शंका नसते.

ग्रीक लोक याला 'हार्मोनिया' म्हणत. शब्द मूळचा सुतारकामाच्या अंगाचा: फळ्यांचा सांधा नीट बसणं. इ.स.पू. ३९९ मध्ये अथेन्सच्या तुरुंगात, सॉक्रेटिसला विषाचा प्याला मिळण्याच्या दिवशी, याच शब्दावरून वाद रंगला. निदान त्याचा शिष्य प्लेटो याने 'फीडो' या संवादात तसं लिहून ठेवलंय.

वादात साक्षीला होतं लायर नावाचं वाद्य. कासवाच्या पाठीची ढाल, तिच्यावर ताणलेलं कातडं, दोन दांड्या, वर आडवी काठी आणि बहुधा आतड्याच्या सात तारा. अथेन्सच्या सुस्थितीतल्या घरांतली मुलं ते शिकायची. त्यामुळे तत्त्वज्ञांना उदाहरण द्यायचं झालं की लायर हाताशीच असे.

पायथागोरसच्या पंथाने तर तारेतून अख्खं विश्व काढलं. तार निम्म्यावर दाबली की वरचा सा, दोन तृतीयांश ठेवली की प, तीन चतुर्थांश ठेवली की म. कानाला गोड लागतं ते १, २, ३, ४ या साध्या आकड्यांत बसतं! मग आकाशातले ग्रहसुद्धा अशाच प्रमाणात असणार, वस्तूंच्या मुळाशी संख्याच असणार, अशी त्यांनी उडी मारली. उडी लांबची होती, पण जगाचं खरं स्वरूप गणितात सापडेल हा विश्वास तिथूनच बळावला. लोहाराच्या हातोड्यांचे आवाज ऐकून पायथागोरसला हे सुचलं, ही गोष्ट मात्र सोडून द्या. हातोड्यांची वजनं याच प्रमाणात होती आणि तीच वजनं तारांना टांगली तर तेच सूर आले, असं तीत सांगतात. पण वजनांचं गणित तसं चालतच नाही. लांबी निम्मी केली की सूर दुप्पट चढतो हे खरं, पण तेच ताण वाढवून साधायचं तर ताण चौपट लागतो. सोळाव्या शतकाच्या अखेरीस विन्चेंझो गॅलिली या संगीतकाराने हे दाखवून दिलं. गॅलिलिओचे हे वडील. त्याआधी शतकानुशतकं ती गोष्ट नुसती उतरवून घेतली जात होती.

आता तुरुंगात परत जाऊ. सॉक्रेटिसचं म्हणणं होतं की आत्मा अदृश्य, निराकार आहे, म्हणून शरीर गेलं तरी तो राहतो. थीब्जहून आलेल्या सिमियसने अडवलं. लायरचा सूरही अदृश्य आणि सुंदरच असतो की! पण लायर फोडली तर लाकूड आणि तारा पडून राहतात, सूर आधी जातो. शरीरही उष्ण-थंड, कोरडं-ओलं यांच्या ताणातून जुळलेलं असतं. ती जुळणी म्हणजेच आत्मा असेल तर शरीर बिघडताच तो संपणार. हे ऐकून जमलेली मंडळी अस्वस्थ झाली. मला विचाराल तर त्या दिवशीचा सगळ्यात धारदार प्रश्न हाच होता.

सॉक्रेटिसने दिलेल्या उत्तरांतलं एक विज्ञानाच्या दृष्टीने मजेदार आहे. सूर तारांच्या मागे चालतो, तारांना उलटा ओढत नाही. आत्मा मात्र शरीराला अडवतो: तहान लागली असतानाही माणूस पाणी नाकारतो. म्हणजे आत्मा हा नुसता सूर नव्हे.

लायरपुरतं हे बरोबर आहे, कारण लायर स्वतःला लावू शकत नाही. शरीर लावतं. रक्तात क्षार वाढले की मेंदूतल्या हायपोथॅलॅमसजवळच्या पेशींना ते कळतं आणि तहान लागते. ती तहान दाबून ठेवण्याचं कामही मेंदूच करतो, कपाळामागच्या भागाच्या मदतीने. फ्रिजमधला थर्मोस्टॅट कॉम्प्रेसर बंद करतो तेव्हा तिथे बाहेरचं कुणी नसतं. जुळणीचाच एक भाग दुसऱ्याला आवरतो. म्हणून आत्मा नश्वर ठरतो असं नाही. पण सिमियसचं उदाहरण तोकडं होतं, विचार नव्हे, असं म्हणायला जागा राहते. ॲरिस्टॉटलचा शिष्य, संगीताचा जाणकार ॲरिस्टॉक्सेनस, पुढेही आत्मा म्हणजे जुळणीच असं मानत राहिला. गवयाकडून दुसरी अपेक्षा तरी काय करणार?

गंमत पुढेच आहे. 'रिपब्लिक'मध्ये प्लेटो तहानलेल्या माणसाचंच उदाहरण पुन्हा काढतो, पण आता भांडण आत्मा आणि शरीर यांचं नाही, आत्म्याच्या आतलं आहे: विवेक, आवेश आणि वासना. या तिघांना मंद्र, मध्य आणि तार सुरांसारखं जुळवून घेणारा माणूस न्यायी, असं तो म्हणतो. आत्मा म्हणून हाकलून दिलेला सूर सद्गुण होऊन मागच्या दाराने घरात आला.

'सद्गुण' हाही शब्द तसा अपुराच. ग्रीक 'अरेटे' घोड्याला असे, डोळ्यालाही असे. 'औषधाचा गुण आला' म्हणतो त्यातला गुण त्याच्या जास्त जवळ: ज्याचं जे काम, ते उत्तम होणं. सॉक्रेटिसच्या मते हा गुण ज्ञानातून येतो. चांगलं काय ते खरोखर कळलेला माणूस मुद्दाम वाईट वागत नाही. रात्री बारानंतर मोबाइल खाली न ठेवणाऱ्या कुणालाही हे पटणं कठीण. ॲरिस्टॉटललाही ते पुरतं पटलं नव्हतं. त्याने पुन्हा लायरच पुढे केली. लायर वाजवूनच माणूस वादक होतो, तसा न्यायाने वागूनच न्यायी होतो. आणि, तो बजावतो, वाईट वादकही वाजवूनच तयार होतात.

सॉक्रेटिस स्वतः कवी वा गवई नव्हता. पण 'फीडो'च्या सुरुवातीला तो सांगतो की आयुष्यभर त्याला एक स्वप्न पडत आलं: संगीत कर. तत्त्वज्ञान हेच सगळ्यात मोठं संगीत, असं समजून तो निश्चिंत होता. शिक्षा झाल्यावर मात्र त्याला वाटलं, स्वप्नाचा अर्थ शब्दशः असला तर? म्हणून तुरुंगातल्या त्या दिवसांत त्याने अपोलोचं एक स्तोत्र रचलं आणि इसापच्या गोष्टी पद्यात बसवल्या.