पडद्यासमोरचा घास

“सारखं मोबाइल घेऊन बसतो, मग वजन वाढणारच!” वाढत्या वयाच्या मुलांना हे हमखास ऐकावं लागतं. या बोलण्यात थोडं तथ्य आहे. विल्यम डिएट्झ आणि स्टीव्हन गॉर्टमेकर या अमेरिकी संशोधकांनी १९८५ साली दाखवून दिलं, की जी मुलं जास्त तास टीव्ही बघतात, त्यांच्यात लठ्ठपणाचं प्रमाणही जास्त असतं. पण दोन गोष्टी सोबत आढळल्या म्हणून एक दुसरीचं कारण ठरत नाही. कदाचित उलटंही असेल. वजनावरून चिडवलं जाणारं मूल मैदान टाळून पडद्याजवळ आसरा शोधत असेल.

खरं काय ते कळायला पाहण्याचा वेळ कमी करून बघायला हवा. थॉमस रॉबिन्सन यांनी कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे इथल्या दोन प्राथमिक शाळांत नेमकं तेच केलं. तिसरी-चौथीची १९२ मुलं होती. एका शाळेत सहा महिने टीव्ही आणि व्हिडिओ गेम कमी करण्याचे धडे झाले, दुसरीत काहीच बदललं नाही. १९९९ साली निष्कर्ष छापून आले. वाढत्या वयानुसार दोन्हीकडे मुलांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, हे सांगणारा आकडा) वाढला होता, पण धडे झालेल्या शाळेत तो कमी वाढला. मला यातली पुढची नोंद सगळ्यात महत्त्वाची वाटते: या मुलांच्या हालचालीत लक्षणीय फरक पडलाच नव्हता. फरक दिसला तो टीव्हीसमोर होणाऱ्या जेवणांत. ती कमी झाली होती.

लिओनार्ड एपस्टाइन यांनी असाच प्रयोग ४ ते ७ वर्षांच्या ७० मुलांवर केला, तो २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. टीव्ही-कॉम्प्युटरचा वेळ निम्म्यावर आणला, दोन वर्षं पाठपुरावा केला. तिथेही वजनातला फरक खाणं कमी झाल्यामुळे पडला, धावपळ वाढल्यामुळे नव्हे.

म्हणजे वजन वाढतं ते बसण्यापेक्षा बसल्या बसल्या होणाऱ्या खाण्यामुळे. लक्ष चित्रात गुंतलं की पोट भरल्याची सूचना उशिरा जाणवते, आणि काय नि किती खाल्लं हेही नीट आठवत नाही. त्यात जाहिरातींची भर. २००९ च्या एका प्रयोगात ७ ते ११ वर्षांच्या मुलांना कार्टून दाखवलं आणि समोर खाऊ ठेवला. मध्ये खाद्यपदार्थांच्या जाहिराती पाहिलेल्या मुलांनी इतर जाहिराती पाहिलेल्यांपेक्षा ४५ टक्के जास्त खाल्लं. त्यांना भूक किती होती याच्याशी त्याचा संबंध नव्हता.

किशोरवयात आणखी एक वाट उघडते, ती झोपेची. रात्रीचा प्रकाश झोप आणणारं मेलाटोनिन हे संप्रेरक दाबतो, पण त्याहून जास्त झोप खातं ते ‘अजून एक व्हिडिओ’. ८ ते ११ वर्षांच्या ३७ मुलांना एक आठवडा नेहमीपेक्षा जास्त आणि एक आठवडा कमी झोपायला सांगितलं, तेव्हा जास्त झोपेच्या आठवड्यात ती रोज सुमारे १३० कॅलरी कमी खात होती. ही मुलं अजून किशोरवयातही आली नव्हती.

जागतिक आरोग्य संघटना २ ते ४ वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला जास्तीत जास्त एक तास स्क्रीन सांगते, तर ५ ते १७ वयोगटाला रोज सरासरी ६० मिनिटं मध्यम ते जोरदार हालचाल. हालचाल हृदयासाठी, हाडांसाठी, मनासाठी हवीच. पण घरात एकच बदल जमणार असेल, तर मी आधी ताटापुढचा आणि उशीजवळचा पडदा हटवेन. आणि मुलाला ‘आळशी’ म्हणणं त्याच दिवशी थांबवेन. वजनात आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो, स्क्रीनचा त्यामानाने लहान, आणि टोमण्यांनी दुखावलेलं मूल पुन्हा त्याच पडद्याकडे वळतं.