साडेचार हजार डॉक्टर आणि बेकनचा नाश्ता

‘सकाळचा नाश्ता राजासारखा करा, डॉक्टरही हेच सांगतात’ हा संदेश तुमच्याही फॅमिली ग्रुपवर आला असेल. कोणते डॉक्टर, त्यांना नेमकं काय विचारलं होतं, हे मात्र त्यात नसतं. ही युक्ती जुनीच आहे आणि तिचा सर्वांत गाजलेला कारागीर म्हणजे अमेरिकन जनसंपर्क सल्लागार एडवर्ड बर्नेज.

मनोविश्लेषणाचा जनक सिग्मंड फ्रॉइडचा हा सख्खा भाचा १८९१ मध्ये व्हिएन्नात जन्मला आणि न्यूयॉर्कमध्ये वाढला. पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, अमेरिकन सरकारने पत्रकार जॉर्ज क्रीलच्या हाताखाली प्रचार समिती काढली. सिनेमाचं रीळ बदलेपर्यंतच्या चार मिनिटांत युद्धाची बाजू मांडणारे सुमारे ७५,००० वक्ते तिने उभे केले. बर्नेज याच समितीत तयार झाला. युद्धात चाललं ते बाजारातही चालेल, हे ओळखून १९१९ मध्ये त्याने स्वतःची जनसंपर्काची कचेरी थाटली.

पुढे बीच-नट कंपनीला बेकन, म्हणजे डुकराच्या मांसाचे खारवलेले काप, जास्त खपवायचे होते. बर्नेजने एका डॉक्टरकरवी सुमारे ५,००० डॉक्टरांना पत्रं धाडली. प्रश्न एवढाच: नाश्ता हलका बरा की भरपेट? बेकनबद्दल अवाक्षर नाही. सुमारे ४,५०० जणांनी ‘भरपेट’ म्हटलं (आकडे बर्नेजनेच सांगितलेले). त्याची बातमी झाली आणि तिच्या जोडीला बेकन-अंड्यांचा नाश्ता वाचकांपुढे आला. गंमत बघा, डॉक्टरांनी आपलं मत प्रामाणिकपणे दिलं असेल, पण प्रयोग कोणीच केला नव्हता. तुलनेसाठी दोन गट नाहीत, मोजमाप नाही, नुसती मतं.

तरी हे पटतं, कारण बोलणाऱ्याचा फायदा दिसला की आपण सावध होतो आणि तिऱ्हाईत बोलला की होत नाही. येल विद्यापीठातल्या हॉवलँड आणि वाइस या मानसशास्त्रज्ञांनी १९५१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना अणुपाणबुडीबद्दलचा एकच मजकूर दिला होता. काहींना सांगितलं, हा अणुबॉम्बवाल्या शास्त्रज्ञ ओपेनहायमरचा; काहींना, हा सोव्हिएत वृत्तपत्र ‘प्रावदा’मधला. विश्वासार्ह नावाने लगेच जास्त मतं वळवली. चार आठवड्यांनी मात्र दोन्ही गटांतला फरक जवळजवळ नाहीसा झाला: पहिल्यांचा प्रभाव ओसरला, दुसऱ्यांचा वाढला. मजकूर डोक्यात राहतो, सांगणाऱ्याशी असलेला त्याचा दुवा सुटतो. १९५३ मध्ये असंही दिसलं, की स्रोताची आठवण करून दिली तर फरक परत येतो. अविश्वासू स्रोताचा प्रभाव असा काळाबरोबर वाढण्याला ‘स्लीपर इफेक्ट’ म्हणतात. नंतरच्या प्रयोगांत तो दर वेळी सापडला नाही, हेही खरं. बर्नेजची पद्धत मात्र दोन्हीकडून फायद्याची. आज डॉक्टरचं नाव कामी येतं, उद्या नाव विसरलं तरी भरपेट नाश्ता लक्षात राहतो.

‘फ्रॉइडच्या भाच्याला जनतेच्या सुप्त मनाची किल्ली सापडली होती’ असं सांगणारे व्हिडिओ मात्र भविष्यवाल्यांच्या पंगतीत बसवावेत. १९२९ च्या ईस्टरला, अमेरिकन टोबॅको कंपनीसाठी, त्याने न्यूयॉर्कच्या फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवर तरुणींना सिगारेट ओढत चालायला लावलं आणि बायकांवरचं बंधन एका दिवसात तुटलं, अशी दंतकथा आहे. प्रत्यक्षात बायकांमधलं धूम्रपान आधीपासूनच वाढत होतं. बर्नेजच्या करामतींच्या बहुतेक गोष्टी बर्नेजनेच सांगितल्या आहेत. तो १९९५ पर्यंत, १०३ वर्षं जगला. त्या गोष्टी खोडून काढायला त्याच्या पिढीतलं कोणी फारसं उरलंच नव्हतं.