न झालेल्या विक्रीचा हिशेब

गुढीपाडवा आठवड्यावर आला की दादर-गिरगावातल्या दुग्धपदार्थांच्या प्रत्येक दुकानदाराला एक निर्णय घ्यावाच लागतो : यंदा श्रीखंडाचे किती डबे मागवायचे? कमी मागवले तर सणाच्या सकाळी गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाते, आणि जास्त मागवले तर उरलेला माल शीतकपाटात पडून राहतो आणि शेवटी पडत्या भावात काढावा लागतो. अनुभवी दुकानदार हा आकडा अंदाजाने सांगतात आणि तो बऱ्याचदा बरोबरही येतो. पण दुकानाच्या दहा शाखा झाल्या आणि प्रत्येक शाखेत शंभर प्रकारचा माल आला, की एका माणसाच्या अंदाजावर सगळा कारभार चालत नाही. व्यवस्थापकाला संगणकीय माहिती प्रणालीचा आधार घ्यावासा वाटतो तो नेमका इथे.

अशा निर्णयाचे गणित बरेच जुने असून ‘वर्तमानपत्र विक्रेत्याचा प्रश्न’ या नावाने ते व्यवस्थापनशास्त्रात ओळखले जाते, कारण आजचे वर्तमानपत्र उद्या विकता येत नाही. समजा, श्रीखंडाचा एक डबा दुकानदाराला ८० रुपयांना पडतो, तो १२० रुपयांना विकतो आणि पाडव्यानंतर उरलेला डबा ६० रुपयांना काढावा लागतो. म्हणजे एक डबा कमी पडला तर ४० रुपयांचा नफा बुडतो, आणि एक डबा उरला तर २० रुपयांचे नुकसान होते. चाळीसला चाळीस अधिक वीस, म्हणजे साठने, भागले की दोन-तृतीयांश येतात. म्हणून तीनपैकी दोन वेळा पुरेल इतका माल मागवणे सर्वांत फायद्याचे ठरते. मागील सहा पाडव्यांची मागणी चढत्या क्रमाने ३१०, ३४०, ३६०, ३९०, ४२० आणि ४५० डबे अशी असेल, तर सहापैकी चार वर्षांना पुरणारा आकडा ३९० हा आहे. सरासरी मात्र ३७८च्या आसपास येते. उरलेला डबा टाकूनच द्यावा लागत असेल, तर एका डब्यामागचे नुकसान २० वरून ८० रुपयांवर जाते, चाळीस भागिले एकशेवीस हे गुणोत्तर एक-तृतीयांशावर उतरते आणि तोच इतिहास समोर असूनही उत्तर ३४० येते. विक्रीचे आकडे एकच, पण नफा-तोट्याची बाजू बदलली की निर्णय बदलतो. म्हणूनच जी प्रणाली व्यवस्थापकाला केवळ सरासरी दाखवते, ती त्याचे काम अर्ध्यावरच सोडते.

दुकानांच्या रोजच्या ऑर्डरी संगणकाकडे सोपवण्याची कल्पना अलीकडची नाही. जे. लायन्स अँड कंपनी या ब्रिटनमधील चहाच्या दुकानांच्या साखळीने ‘लिओ’ हा संगणक स्वतःच बांधला आणि १९५१ मध्ये तो व्यावसायिक कामाला लावला. पुढे दुकानांच्या रोजच्या ऑर्डरीही त्याच्यावर आल्या. प्रत्येक दुकानाची नेहमीची ऑर्डर आधीच नोंदलेली असे आणि दुकानाच्या व्यवस्थापिकेने फक्त त्या दिवसाचा फेरफार दूरध्वनीवर कळवायचा असे. ही रचना मला आजही अनुकरणीय वाटते : जे रोजचे आहे ते यंत्राने सांभाळावे आणि वेगळे काही असेल तर ते माणसाने सांगावे. मुंबईत व्यापारी कामासाठी संगणक आला तो १९६१ मध्ये, एस्सो या तेल कंपनीच्या कार्यालयात, आयबीएम १४०१च्या रूपाने.

या कामविभागणीला शास्त्रीय बैठक दिली ती अमेरिकी विचारवंत हर्बर्ट सायमन यांनी. १९६० मध्ये त्यांनी निर्णयांची दोन टोके दाखवली. एका टोकाला नियमात बसवता येणारे, पुन्हा पुन्हा करावे लागणारे निर्णय असतात, तर दुसऱ्या टोकाला ज्यांच्यासाठी तयार नियम नाही असे निर्णय. माणसाची आकलनशक्ती, वेळ आणि माहिती मर्यादित असल्यामुळे तो सर्वोत्तम पर्यायाचा शोध शेवटपर्यंत घेत नाही, पुरेसा चांगला पर्याय मिळाला की थांबतो, हे त्यांचे प्रतिपादन होते. आर्थिक संघटनांमधील निर्णयप्रक्रियेवरील संशोधनासाठी त्यांना १९७८ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. १९७१ मध्ये गॉरी आणि स्कॉट मॉर्टन या व्यवस्थापनाच्या अभ्यासकांनी या दोन टोकांच्या मधल्या पट्ट्याकडे लक्ष वेधले. तिथल्या निर्णयांचा काही भाग यंत्राला करता येतो आणि काही भागासाठी माणसाचाच विवेक लागतो. निर्णय सहायक प्रणाली ही संकल्पना या पट्ट्यासाठी पुढे आली. ‘दर पाच रुपयांनी वाढवला तर काय होईल, वितरकाची गाडी एक दिवस उशिरा आली तर काय होईल’ असे प्रश्न व्यवस्थापकाने विचारायचे, यंत्राने हिशेब मांडायचा आणि निर्णय व्यवस्थापकाने घ्यायचा.

इथपर्यंत सारे सुरळीत वाटते. खरी अडचण असते ती यंत्रात शिरणाऱ्या नोंदीची, आणि तिच्याकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही याची मला मनापासून खंत वाटते. बिल करणारे यंत्र विक्री नोंदवते. मागणी नोंदवत नाही. समजा, गेल्या पाडव्याला दुकानाने ३०० डबे आणले आणि ते सकाळी अकरालाच संपले. त्यानंतर आलेली गिऱ्हाइके ‘श्रीखंड संपले’ हे ऐकून परत गेली. प्रणालीत नोंद राहिली ३०० डब्यांची, आणि तिच्या लेखी त्या दिवसाची मागणीही तेवढीच. यंदा ती ३००च्या जवळपासचा आकडा सुचवील, माल पुन्हा लवकर संपेल आणि नोंद पुन्हा ३००चीच होईल. अहवालात मात्र मालाची नासाडी शून्य आणि विक्री शंभर टक्के असे समाधानकारक चित्र दिसेल. आधी मांडलेले दोन-तृतीयांशांचे गणित कितीही अचूक असले तरी ते या खोट्या ‘मागणी’वर चालवले की उत्तर चुकणारच.

यावर उपाय आहे आणि तो फार खर्चिकही नाही. प्रत्येक बिलावर वेळ छापलेली असते. ज्या वर्षी माल पुरला होता, त्या वर्षीची बिले वेळेनुसार लावून पाहावीत. दिवसाच्या विक्रीपैकी तीन-चतुर्थांश विक्री अकरा वाजेपर्यंत उरकते असे त्यांतून दिसले, तर अकराला संपलेले ३०० डबे म्हणजे सुमारे ४०० डब्यांच्या मागणीचा तीन-चतुर्थांश भाग होय. शेवटच्या बिलाची वेळ ही एवढीशी नोंद शंभर डब्यांची गैरहजेरी दाखवून देते, पण ती पाहण्याची सोय अहवालात केलेली असेल तरच.

हा प्रश्न श्रीखंडापुरता नाही. उपनगरी रेल्वेच्या तिकीट यंत्रणेला डोंबिवली ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस असे किती मासिक पास विकले गेले हे कळते. पण पासधारक रोज कोणती लोकल पकडतो आणि गर्दीमुळे किती लोकल सोडून देतो, हे पासाच्या विक्रीतून कळत नाही. त्यासाठी फलाटावर माणसे उभी करून किंवा अन्य साधनांनी वेगळी मोजणी करावी लागते. बसच्या तिकीट यंत्रालाही चढलेले प्रवासी कळतात. थांब्यावर ताटकळून शेवटी शेअर रिक्षाने गेलेले कळत नाहीत.

दुसरा घोळ पंचांगाचा आहे, आणि परदेशात घडलेली तयार प्रणाली जशीच्या तशी वापरली की तो हमखास उद्भवतो. बहुतेक अहवाल ‘गेल्या वर्षीचा हाच महिना’ अशी तुलना करतात. गुढीपाडवा २०२४ मध्ये ९ एप्रिलला होता, २०२५ मध्ये ३० मार्चला आणि २०२६ मध्ये १९ मार्चला. त्यामुळे २०२५च्या मार्चमध्ये श्रीखंडाची विक्री एकदम वाढलेली आणि एप्रिलमध्ये कोसळलेली दिसली, तर त्यात बाजाराचा काही संबंध नसेल; फक्त तिथी सरकलेली असेल. अधिक मास आला की सण पुन्हा पुढे ढकलले जातात : गणेश चतुर्थी २०२५ मध्ये २७ ऑगस्टला होती, तर २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठामुळे ती १४ सप्टेंबरला येते. प्रणालीत सणांचा वेगळा तक्ता भरून तुलना तिथीनुसार करायला सांगितले की हा घोळ मिटतो. पण हा तक्ता हवा, हे सांगणारा माणूस इथल्या बाजाराची ओळख असलेलाच लागतो.

अमेरिकी व्यवस्थापनतज्ज्ञ रसेल अकॉफ यांनी १९६७ मध्येच माहिती प्रणालींबद्दलच्या उत्साहाला सावध केले होते. व्यवस्थापकाला माहिती कमी पडते हे खरे दुखणे नाही, नको ती माहिती त्याच्यावर ओतली जाते हे दुखणे आहे, असे त्यांचे म्हणणे होते. शिवाय एका मोठ्या दुकानातील खरेदी आणि विक्री विभागांचे उदाहरण देऊन त्यांनी दाखवले, की दोन्ही विभागांना एकमेकांचे आकडे दिले तरी कारभार सुधारेलच असे नाही. विक्री विभाग अंदाज फुगवून सांगतो, खरेदी विभाग हे ओळखून ऑर्डर कापतो, ते पाहून विक्री विभाग आपले धोरण पुन्हा बदलतो, आणि ही रस्सीखेच तशीच चालू राहिली तर शेवटी खरेदीही होणार नाही आणि विक्रीही. प्रत्येक विभागाचे यश वेगळ्या फूटपट्टीने मोजले जात असेल, तर माहिती कितीही मोकळी केली तरी तिचा उपयोग आपापली बाजू राखण्यासाठीच होतो. व्यवस्थापकाला प्रणाली वापरता आली म्हणजे पुरे, ती आतून कशी चालते हे त्याला कळण्याची गरज नाही, हा समजही अकॉफ यांनी चुकीचा ठरवला होता.

मोबाइलवरून किराणा पोहोचवणाऱ्या सेवांना परत गेलेले गिऱ्हाईक दिसू शकते, कारण संपलेल्या मालाचा शोधही यंत्रात नोंदवता येतो. काउंटरवर चालणाऱ्या दुकानात ही नोंद मुद्दाम करावी लागते. त्यासाठी बिलाच्या पडद्यावर ‘मागितले, मिळाले नाही’ असे एक बटण पुरते. पाडव्याच्या गर्दीत ते दाबायला नोकराला फुरसत नसते, म्हणून ते एका स्पर्शात दाबता यावे, दाबल्यावर आणखी काही लिहायला सांगू नये, आणि त्याचा आकडा संध्याकाळच्या अहवालात विक्रीच्या आकड्याशेजारीच छापला जावा.