निळा पॉवरशेल आणि काळा पॉवरशेल

आमच्या सोसायटीतल्या थकबाकीदारांची यादी काढायला मी पॉवरशेल या, टाइप केलेल्या कमांड चालवणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या प्रोग्रॅमसाठी एक छोटी स्क्रिप्ट, म्हणजे ओळीने लिहिलेल्या कमांडची फाइल, लिहिली होती. सभासदांच्या सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेल्या साध्या मजकुराच्या) फाइलीतून ज्यांचा मेंटेनन्स राहिलाय तेवढी नावं वेचायची आणि वेगळ्या फाइलीत टाकायची, एवढंच काम. घरच्या लॅपटॉपवर झकास चालली. पेनड्राइव्हवर घालून सोसायटीच्या ऑफिसातल्या पीसीवर नेली, राइट क्लिक करून ‘रन विथ पॉवरशेल’ म्हटलं, नवी फाइल उघडली. फ्लॅट नंबर बरोबर, रकमा बरोबर, पण कुलकर्णींच्या जागी आठ प्रश्नचिन्हं, पाटलांच्या जागी पाच आणि कदमांच्या जागी तीन. सेक्रेटरी म्हणाले, “अहो, नावं गुप्त ठेवायचा ठराव कधी झाला?”

स्क्रिप्ट तीच, दोन्हीकडे विंडोज ११च. फक्त ती चालवणारा प्रोग्रॅम वेगळा होता. घरी ती पॉवरशेल ७ ने चालवली होती, ऑफिसात विंडोज पॉवरशेल ५.१ ने. बोलताना आपण दोघांनाही नुसतं ‘पॉवरशेल’ म्हणतो, आणि ५.१ जुना, ७ नवा, म्हणजे अपडेट टाकला की जुना जाऊन नवा येत असणार, असं धरून चालतो. तसं होत नाही. ७ टाकल्यावर ५.१ जागेवरच राहतो. एकाच आडनावाची दोन बिऱ्हाडं आहेत ही, चुली वेगळ्या.

विंडोज पॉवरशेल पहिल्यांदा आला २००६ च्या नोव्हेंबरात. २००९ च्या विंडोज ७ पासून तो विंडोजबरोबरच मिळू लागला. वाढत वाढत २०१६ च्या ऑगस्टमध्ये ५.१ पर्यंत पोचला आणि तिथेच थांबला. त्याच महिन्यात मायक्रोसॉफ्टने पॉवरशेलचा सोर्स कोड खुला केला आणि तो लिनक्सवर, मॅकवरही चालेल असं जाहीर केलं. वाटा फुटल्या त्या इथे. खुल्या वाटेवर २०१८ च्या जानेवारीत ‘पॉवरशेल कोअर ६’ आला, आणि २०२० च्या मार्चमध्ये ‘कोअर’ हा शब्द गाळून ‘पॉवरशेल ७’. म्हणजे ज्याच्या नावात विंडोज आहे तो फक्त विंडोजवर चालतो, ज्याच्या नावात नाही तो तिन्हीकडे. जुना उभा आहे मायक्रोसॉफ्टच्याच डॉटनेट फ्रेमवर्क या पायाभूत सॉफ्टवेअरवर, नवा नुसत्या डॉटनेटवर, आणि ही दोन नावंही एकमेकांत गुंतणारीच. नावं ठेवण्याच्या बाबतीत या कंपनीचा हात कुणी धरू नये.

आपल्यासमोर कोणता उघडलाय हे पूर्वी खिडकीच्या रंगावरून कळायचं. जुन्याची पार्श्वभूमी निळी, नव्याची काळी. दोघांनाही एकाच खिडकीत उघडणारं विंडोज टर्मिनल आल्यापासून रंगावर विसंबून चालत नाही. खात्री करायची तर ‘पीएसव्हर्जनटेबल’ हा व्हेरिएबल, आधी डॉलरचं चिन्ह लावून, छापून बघा. एडिशनपुढे ‘डेस्कटॉप’ दिसलं तर जुना, ‘कोअर’ दिसलं तर नवा. नावातून गाळलेला शब्द या तक्त्यात अजून टिकून आहे. जुन्याच्या फायलीचं नाव ‘पॉवरशेल डॉट ईएक्सई’, नव्याच्या ‘पीडब्ल्यूएसएच डॉट ईएक्सई’. जुना सिस्टिम ३२ च्या आत ज्या फोल्डरमध्ये राहतो त्याचं नाव ‘व्ही १.०’ आहे. व्हर्जन ५.१ आणि दारावरची पाटी १.० ची! हे पाहून आपल्याकडे पहिलंच व्हर्जन आहे असं समजून घाबरलेले लोक मी पाहिले आहेत.

आता त्या प्रश्नचिन्हांकडे वळू, कारण मराठीत काम करणाऱ्याला या दोघांमधला सगळ्यात जास्त छळणारा फरक तिथेच आहे. ‘एक्सपोर्ट-सीएसव्ही’ ही कमांड विंडोज पॉवरशेलमध्ये काही न सांगता वापरली तर फाइल आस्की या जुन्या, इंग्रजीपुरत्या अक्षरसंचात लिहिते. आस्कीत एकूण १२८ खुणा, त्यात देवनागरी एकही नाही. न बसणाऱ्या प्रत्येक खुणेच्या जागी ती एक प्रश्नचिन्ह ठोकते आणि पुढे जाते, ना एरर, ना सूचना. संगणकाच्या लेखी कुलकर्णी म्हणजे क, उकार, ल, क, र, हलन्त, ण आणि ईकार, म्हणून आठ. एकदा फाइल अशी लिहिली गेली की तिच्यातून नाव परत काढता येत नाही. तीच कमांड पॉवरशेल ७ मध्ये यूटीएफ-८, म्हणजे सगळ्या लिप्या सामावणाऱ्या पद्धतीत, लिहिते आणि नावं शाबूत राहतात.

लिहिताना हे, तर वाचताना वेगळंच. स्क्रिप्टची फाइल यूटीएफ-८ असेल पण तिच्या सुरुवातीला तसं सांगणारी बीओएम ही अदृश्य खूण नसेल, तर विंडोज पॉवरशेल ती सिस्टिमच्या जुन्या कोडपेजप्रमाणे, म्हणजे कोणत्या बाइटाचं कोणतं अक्षर या तक्त्याप्रमाणे, वाचतो. सिस्टिम लोकेल इंग्रजी असेल तर ते कोडपेज १२५२. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीची प्रत्येक खूण तीन बाइटांची, त्यामुळे स्क्रिप्टमध्ये लिहिलेल्या ‘मराठी’ या पाच खुणांच्या शब्दाची पंधरा चिन्हं होतात. प्रत्येक तिकडीच्या सुरुवातीला डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए येतो. मागून क्रमाने रजिस्टर्ड ट्रेडमार्कचं वर्तुळ, तापमानाच्या अंशाचं चिन्ह, पाऊण, एक न दिसणारी स्पेस, आणि शेवटच्या तिकडीत जपानी येन व युरो शेजारी शेजारी. मराठीची अशी परकीय चलनात मोड झालेली पाहिली की बाइट बिघडलेले नाहीत, वाचणाऱ्याने भलतं कोडपेज लावलंय, हे ओळखायचं. मूळ फाइल ठीक असल्याने हे दुरुस्त होतं. व्हीएस कोड हा स्क्रिप्ट लिहायचा एडिटर नव्या फायली बीओएमशिवायच सेव्ह करतो, त्यामुळे तिथे लिहून जुन्या पॉवरशेलमध्ये चालवणारा हमखास अडकतो.

यावर कडी म्हणजे ‘एन्कोडिंग यूटीएफ-८’ असं स्पष्ट सांगूनही दोघं वेगळं वागतात. जुना बीओएम लावून लिहितो, नवा न लावता. एक्सेलमध्ये डबलक्लिक करून सीएसव्ही उघडायची सवय असेल तर बीओएम लागतोच, नाहीतर येन-युरोचा बाजार तिथे भरतो. नव्यात त्यासाठी ‘यूटीएफ-८ बीओएम’ असा वेगळा शब्द आहे, आणि तो जुन्याला कळत नाही.

बाकीचे फरक त्या मानाने सोपे, कारण तिथे निदान लाल अक्षरांत एरर तरी येते. दोन कमांड जोडणारी दुहेरी अँड खूण ७ ला समजते, ५.१ ला नाही. मशीनची माहिती काढणारं ‘गेट-डब्ल्यूएमआयऑब्जेक्ट’ ५.१ मध्ये आहे, ७ मध्ये काढून टाकलंय, तिथे ‘गेट-सिमइन्स्टन्स’ वापरायचं. ते दोघांतही चालतं, तेव्हा नव्याने लिहिताना तेच लिहावं. वेबवरून मजकूर आणणारं ‘कर्ल’ फसवं आहे. ५.१ मध्ये ते पॉवरशेलच्याच एका कमांडचं टोपणनाव, ७ मध्ये खरोखरचा कर्ल, त्यामुळे इंटरनेटवरून उचललेली ओळ एकात चालते आणि दुसऱ्यात रुसते. सुरू होताना वाचली जाणारी प्रोफाइल फाइल आणि जोड-कमांडांच्या मॉड्यूलचे फोल्डर दोघांचे वेगळे. स्क्रिप्ट चालवायची परवानगी देणारी पॉलिसीही साधारणपणे दोघांना वेगवेगळी सांगावी लागते. ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या टास्क शेड्यूलरमध्ये ‘पॉवरशेल डॉट ईएक्सई’ लिहिलं असेल तर शेजारी कितीही नवा पॉवरशेल टाका, रात्री दोनला उठून काम करणार तो जुनाच.

मग कुठला वापरायचा? ‘नेहमी नवा’ हे उत्तर मला पटत नाही. ७ विंडोजबरोबर येत नाही, वेगळा टाकावा लागतो आणि त्याच्या प्रत्येक व्हर्जनला मुदत असते. ७.२ आला नोव्हेंबर २०२१ मध्ये आणि त्याचा सपोर्ट संपला नोव्हेंबर २०२४ मध्ये. ५.१ ला नवं काही मिळत नाही, पण विंडोज आहे तोवर तो आहे. स्वतःच्या मशीनवर, स्वतःच्या कामाला, किंवा लिनक्सवरही काही चालवायचं असेल तर बिनधास्त ७. दुसऱ्याच्या पीसीवर राइट क्लिकने चालणार असेल तर मात्र ५.१ धरूनच लिहावं, आणि तपासूनही ५.१ मध्येच पाहावं.

सोसायटीच्या स्क्रिप्टचं मी तेच केलं. फाइल बीओएमसकट सेव्ह केली, एक्सपोर्टच्या ओळीत एन्कोडिंग लिहिलं आणि एडिशन ‘डेस्कटॉप’ नसेल तर थांबायला सांगणारी एक ओळ वर टाकली. आता ती माझ्याच लॅपटॉपवर, काळ्या खिडकीत, चालायला नकार देते. नोटिस बोर्डावर यादी लागली तेव्हा तिसऱ्या मजल्यावरचे पाटील भेटले आणि म्हणाले, मागच्या महिन्याची यादी बरी होती.