वेब फीड आणि फीड रीडर

वेब फीड : एखाद्या ब्लॉगवर नवे काय आले याची, सॉफ्टवेअरला वाचता येईल अशी यादी. शीर्षक, तारीख, दुवा आणि सारांश किंवा पूर्ण मजकूर तिच्यात असतो. अशा अनेक याद्या ठरावीक वेळाने तपासून नवे लेखन एका जागी आणून ठेवणारे अ‍ॅप म्हणजे फीड रीडर.

बडोद्याच्या वाचकाला ही कल्पना परकी वाटू नये. सयाजीराव गायकवाडांच्या काळात फिरत्या ग्रंथालयांच्या पेट्या संस्थानातल्या गावोगावी जात. वाचकाला पुस्तकासाठी शहर गाठावे लागत नसे. फीड रीडरमध्येही लेखन वाचकाकडे चालत येते, आणि कोणाचे यावे हे ठरवणारा वाचकच असतो. काय आधी दाखवायचे हे परस्पर ठरवणारा कुठलाही अल्गोरिदम मधे नसल्यामुळे क्रम साधा, तारखेचा.

मराठी ब्लॉगांसाठी तर ही सोय फारच मोलाची आहे. हौसेने लिहिणारी माणसे कधी महिन्यात तीन लेख लिहितात, कधी आठ महिने गप्प असतात. बडोद्याच्या दांडिया बाजारातला वाचक इंदूरच्या एखाद्या संगीतविषयक ब्लॉगवर दहा वेळा डोकावून रिकाम्या हाताने परततो आणि अकराव्या वेळी विसरतो. फीड जोडलेली असेल, तर आठ महिन्यांनी आलेला लेखही सकाळच्या चहाच्या वेळी ठळक अक्षरांत समोर दिसतो.

सुरुवातीला फीडली, इनोरीडर किंवा अँड्रॉइडवरचे फीडर यांपैकी एक निवडावे; फीडरला खातेही लागत नाही. त्यात ब्लॉगचा पत्ता टाकला की बहुधा फीड आपोआप सापडते. न सापडल्यास वर्डप्रेस या ब्लॉग-सेवेवरच्या ब्लॉगसाठी पत्त्याच्या शेवटी तिरकी रेघ देऊन 'फीड' हा शब्द इंग्रजी लिपीत जोडून पाहावा. पहिल्याच दिवशी पन्नास ब्लॉग जोडू नयेत. पाच-सहा पुरेत, नाहीतर न वाचलेल्यांचा आकडा पाहूनच अ‍ॅप उघडावेसे वाटत नाही.

आरएसएस हा फीडचा सर्वांत रुळलेला प्रकार नेटस्केप या ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीने १९९९ मध्ये आणला. २००२ मध्ये त्याची २.० ही आवृत्ती आली आणि २००५ मध्ये अ‍ॅटम हा फीडचा दुसरा प्रकार प्रमाण ठरला. १ जुलै २०१३ रोजी गूगल रीडर बंद झाल्यावर फीडच संपले असा समज पसरला, तो चुकीचा आहे. वर्डप्रेस आणि ब्लॉगर या सेवांवरचे ब्लॉग आजही फीड देतात. बंद पडले ते एक वाचनसाधन. जोडलेल्या ब्लॉगांची यादी ओपीएमएल फाइलमध्ये उतरवून घेता येते आणि तीच फाइल दुसऱ्या रीडरमध्ये टाकली की सगळे ब्लॉग तिथे हजर होतात.