दोन नॅनोमीटरच्या घळीत बसणारा रेणू

अल्झायमरच्या रुग्णांना आज जगभर दिले जाणारे डोनेपेझिल हे औषध जपानमधील एसाय कंपनीच्या त्सुकुबा येथील प्रयोगशाळेत जन्मले. हाचिरो सुगिमोटो या रसायनशास्त्रज्ञाने १९८३ मध्ये ते काम हाती घेतले, तेव्हा एवढे ठाऊक झालेले होते की या रुग्णांच्या मेंदूत ॲसिटिलकोलीन हे संदेशवाहक रसायन तयार करणारे विकर (एन्झाइम) फारच कमी झालेले असते. दोन चेतापेशींमधल्या फटीत जे थोडेफार ॲसिटिलकोलीन सुटते, त्याचेही ॲसिटिलकोलिनेस्टरेझ हे दुसरे विकर क्षणार्धात तुकडे करते. आवक वाढवता येत नसेल तर निदान खर्च आवरावा, म्हणजेच या दुसऱ्या विकराला अडवावे, असा हा विचार होता.

त्याच वाटेवरचे टॅक्रीन हे औषध पुढे १९९३ मध्ये अमेरिकेत मान्य झाले खरे, पण ते यकृताला अपाय करी. सुगिमोटोंच्या गटानेही टॅक्रीनमध्ये फेरफार करून पाहिले, पण विषारीपणा काही जाईना. मग धमनीकाठिण्यासाठी बनवलेले एक वेगळेच संयुग दिल्यावर उंदरांच्या तोंडाला लाळ सुटलेली दिसली. लाळग्रंथी ॲसिटिलकोलीनच्या इशाऱ्यावर चालतात, हे जाणणाऱ्यालाच त्या लाळेचा अर्थ लागला. त्या रेणूच्या एका कड्यातील नायट्रोजनच्या जागी कार्बनचा अणू बसवताच त्याची ताकद एकदम वाढली. मात्र या मालिकेतले एक अतिशय प्रभावी संयुग पोटातून रक्तात पुरेसे पोहोचतच नव्हते, आणि माझ्या मते औषधरचनेची खरी कसोटी इथेच लागते, कारण परीक्षानळीत जिंकलेला रेणू शरीरात हरला तर सगळे श्रम वाया जातात. शेवटी मधला ॲमाइड बंध, म्हणजे कार्बन आणि नायट्रोजन यांना जोडणारा दुवा, काढून तिथे इंडॅनोनचे ताठ कडे आणले गेले. सुमारे ७०० संयुगांनंतर हाती आलेल्या या रेणूला १९९६ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली.

त्याचा रेणुभार जेमतेम ३७९ असून तो मेदात विरघळतो, त्यामुळे मेंदूतील केशवाहिन्यांची घट्ट भिंत तो ओलांडतो. शिवाय रक्तातील त्याचे प्रमाण निम्म्यावर यायला सुमारे ७० तास लागतात, म्हणून दिवसाला एकच गोळी पुरते.

इस्रायलमधील वाइझमन संस्थेच्या संशोधकांनी विद्युत माशाच्या विकरात अडकलेल्या डोनेपेझिलची रचना १९९९ मध्ये क्ष-किरणांनी उलगडली. विकराच्या पोटात दोन नॅनोमीटर खोल अरुंद घळ आहे आणि औषध तिच्यात तळापासून तोंडापर्यंत उभे बसले आहे. त्याचे एक टोक तळाच्या ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लाला टेकलेले आहे, तर दुसरे तोंडाशी असलेल्या ट्रिप्टोफॅनला. रेणू घडवताना ही घळ कोणीच पाहिलेली नव्हती, हे लक्षात घेतले म्हणजे त्या रसायनशास्त्रज्ञांबद्दलचा आदर दुणावतो.

तरीही चेतापेशींचे मरणे या औषधाने थांबत नाही. त्या कमी होत गेल्या की वाचवायला ॲसिटिलकोलीनही उरत नाही, म्हणून गुण येतो तो माफकच आणि काही काळापुरता. शिवाय हेच रसायन आतड्यांत आणि हृदयातही काम करत असल्याने मळमळ, जुलाब होतात, क्वचित नाडी मंदावते. त्यामुळेच डॉक्टर ५ मिलिग्रॅमपासून सुरुवात करतात आणि चार ते सहा आठवडे ते सोसले, तरच १० मिलिग्रॅमवर जातात.